घोडीचा गळलेला ठोका

बायको जाऊन चार महिने झाले, तरी मोतद्दारकाकांच्या पोटात एक प्रश्न अडकून बसला होता. आज घोड्यांच्या डॉक्टरीणबाई तबेल्यात यायच्या होत्या. आज विचारायचंच, असं काकांनी ठरवलं होतं.

एरवी हा माणूस गप्प बसणाऱ्यातला नव्हे. घोड्यांना लगाम घालण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या जिभेला काही तो कधी घालता आला नाही. गेल्या वर्षी बाईंनी तांबड्या घोडीच्या मानेला आणि पुढच्या कोपरामागे स्पिरिट लावून चिमटे अडकवले आणि ईसीजीची पट्टी काढली. ठोका, ठोका, मग मोकळी जागा. काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. बाई हसल्या.

"निवांत उभ्या घोड्याचा एखादा ठोका गळतो, काका. जरा पळवून आणा, ठोके होतील सरळ."

तसंच झालं. तेव्हापासून काका अर्धे डॉक्टर! तबेल्यात कुणी शिंकलं तरी हे कान लावायला तयार.

मग एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, छातीत मधेच काहीतरी चुकल्यासारखं होतंय."

काकांनी तिच्या पाठीला कान लावला. ठोका, ठोका, मोकळी जागा.

"अगं, घोडीचं काळीज आहे तुझं! दोन जिने चढून ये, बघ कसं ठीक होतं ते."

ती बिचारी चढली आणि धापा टाकत, हसत परत आली. काकांनी पुन्हा कान लावला. ठोके एकसारखे पडत होते.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

झालं होतं. दवाखान्याचं नाव मग दोघांनीही काढलं नाही. नवव्या दिवशी दोरीवर चादर वाळत घालताना ती कोसळली, ती उठलीच नाही.

आज पुन्हा तीच घोडी, तेच चिमटे, पट्टीवर तशीच मोकळी जागा. वर्षातून एकदा येणाऱ्या बाईंना काकांच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं. आयाळीवरून हात फिरवत काकांनी विचारलं, "बाई, माणसाचंही असंच असतं का हो? जिना चढल्यावर ठोके सरळ झाले, म्हणजे भीती नाही?"

"छे! घोड्यावरून माणसाचं कसं ठरवणार? माणसाला दवाखान्यातच न्यायला हवं. का हो, काय झालं?"

"काही नाही. सहज विचारलं."

बाईंनी चिमटे सोडवले. "चला, आणा हिला पळवून."

काकांनी दोर धरला आणि दारापर्यंत गेले. घोडी पुढे ओढत होती. काकांचे पाय जागचे हलेनात. त्यांनी तिच्या बरगडीला कपाळ टेकवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हुंदका देऊन रडले.

"आज दुसऱ्या कुणाला तरी सांगा, बाई," ते म्हणाले. "माझ्याच्यानं हिला पळववत नाही."