दहाला उगवणारं यान

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजून घाम फुटतो.

फौजेत मी रेडिओ दुरुस्त करायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सुट्टीवर आलो, तर तासगावहून सासऱ्यांचा निरोप. विहिरीची मोटर बिघडलीय, पाणी करंगळीएवढं येतंय आणि द्राक्षाचे मणी ऐन फुगायला आलेत. पाणी चुकलं तर वर्षाची बाग हातची जाणार.

बायकोला घेऊन लगेच निघालो. पण एसटीत पेपर वाचला आणि घात झाला. दूरच्या कुठल्याशा ग्रहाकडे निघालेल्या यानाचा रेडिओ अडखळतोय, आणि शास्त्रज्ञ म्हणे इथूनच, जमिनीवर बसून, तो दुरुस्त करतायत. अहो, हे तर आपलंच काम की!

सासऱ्यांच्या बागेत मांडवाची तार एकरभर पसरलेली. एवढी मोठी एरियल मी फौजेतसुद्धा पाहिली नव्हती. ट्रान्झिस्टर तिला जोडला, आणि काय सांगू, आवाज आला. टर्र... टर्र...

"मामा, यान बोलतंय."

"बोलू द्या की, जावईबापू. मोटरीकडं कवा बघताय?"

"यान हातातनं चाललंय, आणि तुम्हाला मोटर सुचतीय?"

जावयाला कोण बोलणार? मी तीन दिवस वही घेऊन मांडवाखाली. मोठे शोध लागले. यान रोज बरोबर दहाला उगवतं, चारला मावळतं. आणि त्यात कुठंतरी एक जोड ढिला आहे. शास्त्रज्ञांना तसं पत्रसुद्धा टाकलं. अख्खी वाडी यान ऐकायला येऊ लागली. माझी छाती अशी फुगली की बागेतल्या मण्यांनी लाजावं.

चौथ्या दिवशी भर दुपारी आवाज थांबला.

"गेलं," मी म्हणालो. खरंच डोळ्यांत पाणी आलं. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

इतक्यात विहिरीकडून बायकोची हाक आली, "आवं, मोटरीच्या स्टार्टरच्या पेटीत लय ठिणग्या उडत्यात, म्हणून मोटर बंद केलीय. परत चालू करू का?"

"कर."

टर्र... टर्र...

"बंद कर."

शांत.

शेताला लाईट दहा ते चारच असते, हे मला तेव्हा आठवलं.

वाडी माझ्याकडे बघत होती. सासऱ्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, पक्कड माझ्या हातात दिली आणि अगदी अदबीनं म्हणाले, "जावईबापू, यान आता हिरीवर उतरलंय. तेवढा ढिला जोड आवळून घ्या."