रेडिएटरमधलं पाणी

आमच्या वसाहतीत तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. घरं मात्र चहूकडे भराभर उठत होती, आणि त्यांना फरशी-सिमेंट पोचवायला माझी पिकअप दिवसभर धावायची. रविवारी ती मी वैजापूरकडे धाकट्या भावाच्या शेतावर न्यायचो. तिथे त्याची मोसंबीची बाग होती, त्यानेच लावलेली, नुकती भरात आलेली. विहीर आटली होती. ओळखीच्या एकाच्या विहिरीवरून पिकअपवरची टाकी भरून आणायच्या चार खेपा आम्ही करायचो, झाडं जगण्यापुरत्या.

टंचाईच्या दुसऱ्या उन्हाळ्यात चढावर गाडी तापायला लागली. काटा वर जायचा, लाल दिवा लागायचा आणि इंजिन आपणहून जोर कमी करायचं. हल्लीच्या गाड्या ड्रायव्हरला विचारत बसत नाहीत. मी भावाला सुनावलं, टाकी काठोकाठ भरून तू गाडीच्या जिवावर उठलायस. पुढच्या रविवारपासून तो टाकी निम्मीच भरायला लागला.

तरीही तापलीच. मग मी ती घरासमोर उभी केली. मेकॅनिककडे न्यायची नाही, हा माझा हेका. गाडीचं पुस्तक दोनदा वाचलेला माणूस मी. पंखा आणि पट्टा तपासण्यात एक रविवार गेला, थर्मोस्टॅटची वाट बघण्यात दोन, तो बसवण्यात चौथा. धंद्यापुरती भाड्याची गाडी घेतली होती. तीच रविवारी शेतावर न्यावी, हे सुचलं नाही, कारण माझी उद्या-परवा होईलच असं रोज वाटायचं. भाऊ फोनवर एवढंच विचारायचा, गाडी झाली का. मी म्हणायचो, झालीच.

पाचव्या रविवारी रेडिएटर खाली उतरवला. आतून पांढऱ्या थराने गच्च. तसाच थर आमच्या चहाच्या पातेल्यात बसायचा. रेडिएटरची एक नळी पाझरत होती, आणि पाणी कमी झालं की दोन वर्षं मी त्यात वसाहतीतल्या बोअरचं जड, क्षाराचं पाणी घालत आलो होतो. पाण्याऐवजी कूलंटच घाला, असं पुस्तकात ठळक छापलेलं होतं. ते मी पुढे ढकलत गेलो. बायको म्हणायची, निदान नळाचं तांब्याभर घ्या. पण त्या टंचाईत प्यायचं पाणी गाडीत ओतणं मला पाप वाटायचं, आणि त्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

नवा रेडिएटर बसवून, भरलेली टाकी लादून मी शेतावर गेलो. चढ सहज पार झाला. बांधावर भाऊ कुऱ्हाड घेऊन उभा होता. झाडं वाळून गेली होती आणि त्याने ती तोडायला घेतली होती. फोनवर यातलं काही बोलला नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं, दोष टाकीच्या वजनाचा नव्हता, चूक माझी होती. सांगताना मान वर होईना. त्याने ऐकून घेतलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"आता चढती ना नीट?" तो म्हणाला. "मग टाकी उतरव दादा. ही लाकडं न्यायची हायेत."