ताईच्या ट्रॅक्टरचा हीटर आम्हीच दुरुस्त केला

मंडळी, आज सकाळी इकडे विषुववृत्ताजवळ, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली घाम पुसत मी कॅनडातला ट्रॅक्टर सुरू करून दिला!

माझी ताई तिकडे गुरं पाळते. कडाक्याच्या थंडीत इंजिनातलं कूलंट, म्हणजे आत फिरणारं द्रव, विजेच्या हीटरने गरम ठेवावं लागतं. तो हीटरच बंद पडला, मग ट्रॅक्टर सुरू होईना. चाऱ्याचे अजस्र गठ्ठे ट्रॅक्टरशिवाय हलत नाहीत आणि भाऊजी परगावी. ते फोनवर म्हणाले, "सोमवारी मेकॅनिक येईल. तुम्ही दोघी हात लावू नका."

तोवर गुरांनी उपाशी राहायचं? मी जहाजावर इंजिनिअर आहे. सुरू करण्याआधी इंजिन गरम करणं माझं रोजचं काम.

व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "ताई, त्या सॉकेटला दिवा लावून बघ." दिवा लागला, म्हणजे वीज होती. मग हीटरची वायर काढून पाहिली, तर थंडीने तडकून तुटलेली.

"तुझ्या कारच्या इंजिनलाही असाच हीटर आहे ना, त्याची वायर बसते का बघ."

बसली! इंजिन गरम झालं, ट्रॅक्टर धडधडला आणि ताई रडायलाच लागली.

भाऊजींचा मेसेज आला, "नशीब चांगलं तुमचं."

नशीब नाही भाऊजी, काम येतं आम्हाला.

मैत्रिणींनो, "हात लावू नकोस" असं ऐकूनही तुम्ही काय काय उघडलंत?