जपानी झालेल्या जाऊबाई

धुळ्यात जन्मून साठाव्या वर्षी जपानी झालेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी मोठी जाऊ निघाली. त्यांच्या मुलाने मोबाईलवर जपानी मालिका लावून दिल्या, तेव्हापासून घरात रोज एक धक्का आहे. खाली हिंदी अक्षरं येतात. जाऊबाईंना वाचता येत नाही, म्हणून चौथी शिकलेल्या मला शेजारी बसवतात. माझं एक वाक्य वाचून होईतो तिकडे तीन बोलून झालेली असतात. शेवटी त्याच म्हणाल्या, "तू वाचू नको, त्यासनं तोंड देख." त्या मालिकांत सासू ओरडत नाही, वीज कडाडत नाही. बापलेक मुकाट्याने शेवया खातात, आणि इकडे जाऊबाईंच्या डोळ्यांना पदर लागतो. हळूहळू तिकडच्या रीतीही घरात आल्या. बाहेरून आल्या की त्या उंबऱ्यात उभ्या राहून "मी आले" म्हणतात आणि कोणी "या" म्हणेपर्यंत आत येत नाहीत. एकदा माझे हात कणकेत होते, तर भर उन्हात ताटकळल्या. दूधवाल्यापुढे कमरेतून वाकल्या, तर तोही वाकून जमिनीवर शोधू लागला, "काय पडलं, अक्का?"

पण खरा धक्का मला पिंपळनेरला बसला. सहा वर्षांपूर्वी तिथे आपल्या धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात जाऊबाईंनी व्याह्यांच्या पंगतीत मोठ्याने सांगितलं होतं की वरणासोबतच्या कणकेच्या बट्ट्या आतून कच्च्या आहेत. बहिणीने बोलणं टाकलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, जाऊबाई माहेरी गेल्या की ती तिथे येईना. जाऊबाई तिचं नावही काढत नसत. मग एका मालिकेत मोठा साहेब कपाळ जमिनीला टेकवून माफी मागताना त्यांनी पाहिला, आणि दुसऱ्या सकाळी मला घेऊन एसटीत बसल्या.

बहिणीने दार उघडलं, तोच जाऊबाईंनी गुडघ्यांवर बसून कपाळ फरशीला टेकवलं. मी भिंतीला चिकटले. थोरलीने धाकटीपुढे असं करायचं? बहिणीला वाटलं, फेफरं आलं. ती हुंगवायला कांदा फोडून घेऊन आली.

"बट्ट्या चांगल्या व्हत्यात," जाऊबाई खाली बघूनच म्हणाल्या.

बहीण कांदा हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "कच्च्याच व्हत्यात, अक्का. ऊठ, माले पाप लागी."

जाऊबाईंचे गुडघे धरले होते, आम्ही दोघींनी मिळून उठवलं. रडायला निमित्त म्हणून कांदा होताच.

परतताना एसटीत जाऊबाईंच्या मांडीवर बहिणीने दिलेला बट्ट्यांचा डबा होता. त्यांनी एक मोडली. मधोमध पांढरी, कच्ची. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि डबा झाकला.

"आखाजीले येई ती," म्हणाल्या, आणि साक्री येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.