एसएसडी की जोडा?

कम्प्युटर उघडून परत बंद केला की एखादा स्क्रू उरतोच. कुठून निघाला, कुठे बसायचा होता, काही कळत नाही. मशीन मात्र त्याच्यावाचून मजेत चालते! असे स्क्रू मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. भंडाऱ्यात बस स्टँडच्या मागे, बाबांच्या टायपिंग क्लासच्या जागेत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि सध्या दुसरा डबा भरत आलाय. किस्स्यांचंही तसंच. गिऱ्हाईक मशीन घेऊन घरी जातं, किस्सा माझ्याकडे राहतो.

आजचे किस्से एकाच प्रश्नाचे आहेत. जुनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, आता काय घ्यायचं? हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, आवाज करते आणि एक दिवस बसते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती झटपट आणि अगदी मुकी. तिसरा मार्ग म्हणजे एका पेटीत दोन हार्ड डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. आमच्या दुकानात त्याला 'जोडा' म्हणतात.

*

मेश्राम काका जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. क्वार्टर सोडलं, पण फॅक्टरीत न्यायची खाकी टिफिनची पिशवी काही सुटली नाही. पहिल्यांदा आले तेव्हा त्या पिशवीतून पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क निघाली.

"हे मेली नाई पायजे, बाई. बाकी काईबी होऊ दे."

"काय आहे हिच्यात?"

"आमच्या हिचा आवाज."

काकू विहारातल्या महिला मंडळात पुढे उभ्या राहून गायच्या. भीमगीतं, पाळणे, सगळं. काकांनी हौसेने माईक आणून घरच्या कम्प्युटरवर ती गाणी भरून ठेवली होती. काकू गेल्या, आणि ती गाणी या एकाच डिस्कवर राहिली. डिस्क आता खरखरत होती.

मी म्हटलं, "काका, एसएसडी घ्या नाहीतर जोडा घ्या, ते नंतर ठरवू. आज आधी एक कॉपी काढून घेऊ."

"काढता काढता गेली तं?"

"आणि न काढता गेली तर?"

काकांनी डिस्क परत फडक्यात गुंडाळली. "मंग मी काई केलं नाई, असं तं म्हनता येईन!"

तेव्हापासून काका अधूनमधून यायचे. एका खुर्चीवर स्वतः बसायचे, बाजूच्या खुर्चीवर पिशवी ठेवायचे, "मंग काय वं, एसएसडी का जोडा?" असं विचारायचे, माझं सगळं पुराण ऐकायचे, आणि पिशवी उचलून बसने घरी जायचे. बाजूच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत ते वेगळंच.

*

नाकाडोंगरीला गभने भाऊंचं ऑनलाइन दाखले काढून द्यायचं दुकान आहे. त्यांना मी एसएसडी बसवून दिली. आठवड्याच्या आत सीपीयू काखेत मारून हजर!

"म्याडम, हे मुकी हाये जी. धंदा बसून राहिला माहा."

"काम लवकर होत नाही का?"

"होते ना! तेच तं लफडं हाये! पयले डिस्क करकर करे, मानूस बसे, चहा पिये, त्याले वाटे आपलं काम मोठं हाये. आता बटन दाबलं का दाखला हातात! लोक म्हनतात, 'हा तुह्याजवळ आधीच काढून ठेवला होता का बे?'"

शेवटी मी त्यांच्या मशीनमध्ये एक जुनी रिकामी हार्ड डिस्क जोडून दिली. काम एसएसडी करणार आणि आवाज ही जुनी डिस्क करणार. काही दिवसांनी भाऊंचा फोन आला. "म्याडम, लोक म्हनतात नवीन मशीन दमदार हाये!"

मी हा किस्सा सांगितला की दुकानात हशा पिकतो. मेश्राम काका हसले नाहीत.

"रिकामीच फिरते थे?" त्यांनी विचारलं.

"रिकामीच."

"हं," म्हणाले, आणि पिशवी उचलून बसकडे निघाले.

*

चिखल्याचे बिसेन भाऊ मँगनीजच्या खाणीत खाली काम करायचे. खाणीत गेलं की आधी लोखंडी रॉडनं छत ठोकून पाहायचं. टणक आवाज आला तर बरं, पोकळ आला तर दगड सुटलाय असं समजून मागे सरायचं. जन्मभराची सवय. त्यांची डिस्क टकटक करायला लागली तशी भाऊंनी सीपीयूचं झाकण काढलं आणि चालू डिस्कवर पान्यानं दोन ठोके दिले!

"आवाज एकदम टनक आला, म्याडम. माल मजबूत हाये."

"मग?"

"मंग बंद पडली."

नातवांचे फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये होते म्हणून निभावलं. पण भाऊंचं समाधान काही होईना. जाताजाता पायरीवरून वळून म्हणाले, "एवढे वर्ष खान ठोकली म्या. एकदाबी बंद नाई पडली!"

मी पोट धरून हसत होते. मागे पाहिलं तर मेश्राम काका पिशवी छातीशी धरून उभे. चेहरा पांढराफटक. तसेच पायरी उतरून गेले, आणि मग कितीतरी दिवस फिरकलेच नाहीत. दर वेळी बस आली की मी उगाच बाहेर डोकावायची.

*

पराते शेठ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हातमागवाले. साड्यांच्या काठापदराची डिझाइनं आता कम्प्युटरवर. त्यांनी माझ्या सांगण्यावरून जोडा घेतला. महिन्याभरात शेठ आणि शेठाणी दोघंही दुकानात, एकमेकांकडे पाठ करून!

झालं होतं असं, जागा कमी पडते म्हणून शेठाणींनी डिझाइनचा आख्खा फोल्डर पुसला. "एकातून पुसला तं काय झालं? दुसऱ्यात असनच ना!" त्यांचा हिशेब साधा होता. पण जोड्यात एकीवर जे होतं तेच दुसरीवर. लिहिणंही, पुसणंही.

शेठ माझ्यावरच भडकले. "असा कसा जोडा हा? आमच्या घरी मी विसरलो का हे याद करून देते. हे विसरली का मी! दोघं संगच विसरले तं जोडा कायले पायजे?"

मी त्यांना तिसरी कॉपी वेगळी ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, "हाये ना." आणि पिशवीतून घडी घातलेली साडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "हे पाहून सगळं डिझाइन पुन्ना काढलं आमच्या हिनं. तुमच्या दोन्ही डिस्कीपेक्षा हे बरी!"

शेठाणींनी तेव्हा कुठे तोंड इकडे वळवलं.

*

आता किस्सा नाही, नुसती गोष्ट. जिल्हाभराचे फोटो, लग्नं, बारशी मी वाचवून देते. पण माझ्या बाबांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. आम्ही रोज याच दुकानात समोरासमोर बसायचो, मग रेकॉर्ड कशाला करणार? फोटो भरपूर आहेत. फोटोत बाबा गप्प असतात, आणि बाबा गप्प कधीच नसायचे. दुपारी दुकान रिकामं असलं की त्यांचं ते "विद्या, चहा सांग वं" ऐकावंसं वाटतं, इतकं वाटतं की मी खरोखरच चहा सांगते. म्हणून काका डिस्क घेऊन यायचे तेव्हा मला त्यांचा राग यायचा, आणि हेवाही वाटायचा.

*

मग एका दुपारी काका आले ते घामाघूम.

"आज उठलीच नाई, पोरी. दोनदा चालू करून पाहिली. तिसऱ्या बारीले कुरकुरली."

त्यांच्या मुलानं, नितीननं, पुण्याहून केव्हाच एक एसएसडी पाठवली होती. तीही पिशवीत होती, डबी न फोडलेली. मी शटर अर्धं ओढलं, इन्व्हर्टर पाहून घेतला आणि कॉपी लावली. स्क्रीनवरची कॉपीची पट्टी हळूहळू सरकत होती. काका डिस्कवर नजर लावून बसले होते. अर्ध्यावर आल्यावर पट्टी थांबली. डिस्कचा आवाजही थांबला.

काका खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "ऊठ वं. थोडंच राह्यलं."

डिस्क कुरकुरली आणि पट्टी पुढे सरकली! आता ती वायर ढिली होती की आणखी काही, ते मला विचारू नका. सगळं उतरेपर्यंत आम्ही दोघंही पाणी प्यायला उठलो नाही.

एसएसडी दुकानातल्या मशीनला लावली. पहिल्या फाइलवर काकांनी स्वतः क्लिक केलं. बोट उचलायच्या आत काकूंचा आवाज आला, "सुरू झालं का जी?" आणि लगेच गाणं. मी तर रडायलाच लागले. काका दचकले. मग मान डोलावली, डोळे पुसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

मला वाटलं, सुटला एकदाचा प्रश्न!

*

दुसऱ्याच दिवशी काका पुन्हा खुर्चीत. पिशवी बाजूच्या खुर्चीवर.

"काय झालं काका? आवाज नीट नाही?"

"आवाज तिचाच हाये. पन पोरी, हे लवकर येते."

"म्हणजे?"

"बटन दाबलं का आलीच. अशी थे कधीच येत नव्हती वं! हाक मारली का आधी आतून भांडे वाजे. मंग 'आली जी, आली जी.' मंग हात पुसत पुसत थे. जुन्या डिस्कवर कसं, कर्र कर्र होये, मले कळे का येऊन राहिली. आता मी तयार नसतो अन् थे सुरू!"

मी चिडले. "काका, लोक वेगासाठी जीव टाकतात, आणि तुम्हाला उशीर पाहिजे?"

"मले जोडा दे," काका म्हणाले.

एसएसडीवरची कॉपी मी जपून ठेवायला लावली. मग दोन हार्ड डिस्कची पेटी मागवली, सगळं त्यावर उतरवलं आणि बसवून द्यायला त्यांच्या घरी गेले. सेटिंग पाहताना दिसलं की काही वेळ वापर नसला तर दोन्ही डिस्क झोपतात. मग क्लिक केल्यावर आधी जाग्या होणार, मग फिरणार, मग कुठे गाणं. ते बंद करायला मी हात पुढे केला.

"राहू दे," काका म्हणाले.

डिस्क झोपेपर्यंत आम्ही चहा प्यायलो. कप ठेवून काकांनी फाइलवर क्लिक केलं. काहीच नाही. मग पेटीतली एक डिस्क कुरकुरली. थोड्या वेळानं दुसरी.

काकांनी बाजूच्या खुर्चीवरची टिफिनची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि खुर्ची हातानं झटकली.