राळ न लावलेला गज

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि सगळ्यांना एकदम संस्कृतीची घाई झाली. पंखे दुरुस्त करणाऱ्यानंही पाटीवर 'राजधानी' रंगवून घेतलं. साहेबलोकांनी पोरं समता कॉलनीतल्या व्हायोलिन क्लासला घातली, नव्या बंगल्याला गेट बसवावं तशी. ती वर्षभर एकच शिकत होती, मेजर स्केल. म्हणजे आपलं बिलावल, 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत.

मी आठवीतून शाळा सोडून वर्ध्याकडून आलेला, सिलतऱ्याच्या प्लांटात हेल्पर. क्लासच्या सरांनी फी न घेता मागच्या खुर्चीवर बसू दिलं, व्हायोलिनही दिलं. ते उपकार मी आजही मानतो. पण धास्ती कायम होती: आज बोट चुकलं की उठवतील. तिसऱ्या बोटाला दुसरं चिकटून पडलं नाही की गंधार उतरतो, आणि माझा रोजच उतरायचा.

वार्षिक कार्यक्रमात आमचं तेच स्केल होतं, चढायचं आणि उतरायचं. एवढ्यासाठी मंडप, हार, प्रमुख पाहुणे! सकाळी सरांनी माझ्या हाती नेहमीच्या गजाऐवजी कोरा गज दिला. मी राळ मागितली.

"राहू दे रे. तू नुसता हात चालव. खुर्च्या भरलेल्या दिसल्या पायजेत."

राळेशिवाय गज तारेवरून नुसता घसरतो, तार बोलत नाही. मला कळलं. "हव, सर," म्हटलं.

पुढच्या पोरांनी त्या आठ सुरांचे असे हाल केले की मंडपातलं कुत्रं उठून गेलं. पाहुणे मात्र डोळे मिटून डुलत होते. माईकवर आले आणि म्हणाले, "वो पीछे वाले भैया! सबसे मीठा वही बजा रहे थे."

टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या. पुढची पोट्टी वळून म्हणाली, "भैया, आप तो छा गए!" मी हात जोडले. असल्या कानांपुढे दुसरं काय करणार?

पुढच्या रविवारी गोल बाजारातून राळ आणली, त्या कोऱ्या गजाला घासली आणि क्लास सुटल्यावर सरांपुढे उभा राहिलो. सा, रे, ग...

"उतरला. काहून ऐकून नाही राहिला रे? पुन्हा."

पुन्हा उतरला.

"पुन्हा."

तिसऱ्यांदाही उतरला, तेव्हा सरांनी आपलं व्हायोलिन पेटीतून काढलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.