गार्डाच्या हातची पिशवी

ता. ३१ मार्च १९९४ रोजी शेवटची पॅसेंजर निघून गेली, तेव्हा मास्तरांकडे ४३६ रुपये ५० पैशांची तिकिटे पडून होती.

मास्तर हे काही रेल्वेचे नोकर नव्हते. माळावरचा तो थांबा म्हणजे पत्र्याची एक खोली, एक बाक आणि दिवसाला दोन गाड्या. जंक्शनवरून रोखीने तिकिटे आणायची, कमिशनवर विकायची आणि हिशेब कातडी पिशवीत घालून गार्डाच्या हाती द्यायचा, असे एकोणीस वर्षे चालले. ना पगार, ना टोपी. मास्तर केले ते गावाने. पुढे डांबरी रस्ता आला, बस आली, उतारू आटले आणि थांबा बंद झाला. शेवटच्या तिकिटांचे पैसे बायकोने शिवणयंत्रासाठी साठवलेले होते. महिन्याभरात परत देतो, असा शब्द मास्तरांनी दिला होता.

उरलेली तिकिटे तीस दिवसांत परत करावीत, असा हुकूम होता. मास्तर बसने जंक्शनला गेले. कारकुनाने तिकिटांना बोटही लावले नाही.

"अशी हातोहात घेता येत नाहीत. नेहमीसारखी गार्डाकडून पिशवी येऊ द्या."

"अहो, पण गाडी थांबतच नाही आता."

"नियम काय मी केलाय, मास्तर?"

मग मास्तर रोज सकाळी बांबूला पिशवी अडकवून ओस फलाटावर उभे राहू लागले. वळणामुळे गाडी मंदावे, ओळखीचा गार्ड वाकून हात लांब करी आणि पिशवी वीतभर हुके. एकदा बांबू मोडला, एकदा चष्मा फुटला. बायको म्हणाली, "गाडी थांबत नाही, निदान तुम्ही तरी थांबा."

अठ्ठाविसाव्या दिवशी गार्डाने पिशवी पकडली. त्या संध्याकाळी मास्तर यंत्राची किंमत विचारून आले.

पंधरा दिवसांनी पत्र आले. बंद थांब्यावरून पिशवी येऊ शकत नाही, सबब ती बेवारस मालात जमा केली आहे. ठेवणावळ भरून घेऊन जावी. बायकोने पत्र वाचले आणि पुन्हा हातसुई उचलली. तेच मास्तरांना जास्त लागले.

पिशवी सोडवली तरी ती पुन्हा गार्डाच्याच हातून पाठवायची होती. मास्तर गेले नाहीत. ठेवणावळीचे बारा रुपये त्यांच्याकडून रेल्वेला अजून येणे आहेत.